मुठीमागं एक ओळ

आमच्या ह्यांना एक रोग व्हता. ताप न्हाई, खोकला न्हाई, इचारायचा रोग. रस्त्यानं कुनी अनोळखी मानूस चालला की ह्ये त्याला आडवनार आन म्हननार, "पाव्हनं, तुमच्या गावचा मारुती दक्षिनंकडं तोंड करून कावून उभा हाय?" तो बिचारा घाईत असायचा. ह्ये त्याला सावलीला बसवायचे, पानी पाजायचे, आन तासाभरात त्याच्या गावच्या हिरी, देवळं, भुतं समदं काढून घ्यायचे. इकडं बैल दाव्याला हंबरायचे, त्येंना पानी पाजायची याद न्हाई!

मी नाव घेत न्हाई, पर लोक त्येंना आसाराम शाहीर म्हनायचे. शेती करून भेदिकाचा फड चालवायचे. भेदिक म्हंजे काय, तर एका फडानं गान्यातून सवाल टाकायचा आन दुसऱ्या फडानं गान्यातूनच त्याचा जवाब द्यायचा. एक फड तुऱ्याचा, एक कलगीचा. आमी तुऱ्यावाले.

फड तसा मूळचा माझ्या बापाचा, धुळाजी शाहिराचा. बापाला ल्योक न्हाई, मी एकलीच. म्हनून जाताना त्यानं डफ जावयाच्या हातात दिला. तो डफ आमच्या घरात देवाच्या शेजारी टांगलेला असायचा. मी रोज देवाला हळदकुंकू लावताना त्याला बी एक बोट लावायचे.

ही गोष्ट तेराशे बावीस सालाची, सरकारी फसली मोजनीनं. त्याच्या आधी दोन सालं आमी लिंबागनेशाच्या माघातल्या जत्रंत कडा गावच्या सुग्रीवाकडनं हारलतो. सुग्रीव कलगीवाला, गळा मोठा, मिशा त्याच्याहून मोठ्या. आन फडाचा कायदा असा की दोन्हींकडचे सवाल सुटले तर आदल्या साली जितलेल्याचीच जीत, आन सलग तीन सालं हारलं की डफ जितनाऱ्याच्या घरी जायचा. म्हंजे अवंदा हारलं की माझ्या बापाचा डफ कड्याला सुग्रीवाच्या खुंटीवर. नुसतं मनात आलं तरी मला घास गोड लागायचा न्हाई.

दिवाळी झाली तशी मी ह्यांना म्हनलं, "तीन म्हयनं हाईत. सवाल असा करा की सुग्रीवाच्या मिशा खाली आल्या पायजेत."

"करतो की," ह्ये म्हनले. "पर आधी माल गोळा करावा लागंल."

झालं! माल गोळा करायला बाहीर पडले. लिंबागनेशाच्या शास्त्रीबुवाकडं दोन दिसांसाठी गेले ते धा दिसांनी आले. पाथरवटाकडं गेले. धारूरच्या गडावर चार दिस म्हनून गेले आन अकरा दिस राहिले. ह्यांना लिव्हाया येत न्हवतं, म्हनून जे ऐकलं त्याची सुतळीला एक गाठ मारायचे. धारूरवरनं आले तवा सुतळी हातभर लांब झाल्ती. रात्री जेवताना मला दाखवायचे, "ही गाठ रामाच्या वनवासाची. ही मारुतीची. ही पाथरवटानं सांगितली ती. आन ही... ही कशाची गं?"

"मला काय इचारता? मी का मारली व्हय ती?"

मार्गशीर्ष निम्मा सरला. मी इचारलं, "ओळी किती झाल्या?"

"ओळी न्हाई अजून. थोडं कमी पडतंय बघ. आंबा गावाला एक म्हातारा हाय म्हनत्यात, त्याला बारा गावच्या बारवांची म्हाईती हाय. तेवढं एक ऐकून येतो आन मंग बसतोच."

मी उठले, ह्यांची पायतानं उचलली आन ज्वारीच्या कनगीत टाकली. वरनं झाकन लावलं आन झाकनावर बसले.

"अगं, ह्ये काय?"

"आता जावा आंब्याला. जावा की अनवानी!"

ह्ये हासायला लागले. ह्यांचा हाच एक वाईट गुन, मला राग आला की ह्यांना हासू येतं. मी म्हनलं, "हासू नका. त्या सुतळीत काय काय हाय ते सांगा. एक तरी कामाचं हाय का?"

मंग त्येंनी धारूरची गोष्ट सांगितली. तितल्या एका म्हाताऱ्या पहारेकऱ्यानं सांगितलेली. एका गडावर दोन तळी, येकमेकांच्या शेजारी. पाऊस दोन्हींवर सारखाच. पर एकाचं पानी गोड आन एकाचं खारं. कावून, तर गोड तळ्याला दगडाची मोरी हाय, भरलं की पानी खाली वाहून जातं, शेतं भिजवतं. खाऱ्याला मोरीच न्हाई. आलं ते समदं धरून बसतं आन धरून धरून खारं होतं.

मी कपाळाला हात लावला. "अहो, दुसरं तळं म्हंजे तुमीच की! दीड म्हयना नुसतं भरून घेतलंय, एक थेंब बाहीर सोडला न्हाई."

ह्ये हासायचे थांबले. सुतळी गुंडाळली आन माझ्या हातात दिली. मला वाटलं लई लागलं. पर मी काय माघार घेतली न्हाई, खरं ते खरं.

दुसऱ्या दिशी तांबडं फुटायच्या आधी मी दळायला बसले आन ह्यांना हलवून उठवलं. "समोर बसा. मी जात्यात एक मूठ टाकली की तुमी एक ओळ टाकायची. चांगली असो नाहीतर वंगाळ असो, ओळ पडली पायजे. पायलीभर ज्वारी सरली की उठायचं, दिवसभर मंग मी एक सबद बोलनार न्हाई. आन इचारायला जायचं ते फकस्त बेस्तरवारी, बाजाराच्या दिशी. दिवस मावळायच्या आत घरी."

"आन न्हाई आली ओळ तर?"

"तर मी दुसरी मूठ टाकनार न्हाई."

ज्यांनी दळलंय त्येंना ठावं, जात्यात दाना न्हाई आन जातं फिरतंय म्हंजे दगडावर दगड घासतो. आवाज बी वंगाळ आन पिठात खर पडती. पहिल्या मुठीला ह्ये नुसतं डोकं खाजवत बसले. जातं घरघरायला लागलं. "टाक की मूठ!" "तुमी टाका ओळ!" शेवटी ह्ये घाबरून म्हनले, "डोंगरावरती झाड." मी मूठ टाकली. "झाडावरती माकड." दुसरी टाकली. "माकडाला... शेपूट."

पायली सरली तवर ते माकड लंकेपर्यंत जाऊन आलतं. मला हासावं का रडावं कळंना. दोन दिस आमी कचकच लागनाऱ्या भाकरी खाल्ल्या. पर तिसऱ्या दिवसापासनं भाकरी मऊ लागाया लागल्या. जातं मोकळं फिरायच्या आधीच ओळ यायची. वंगाळच यायची, पर यायची. ह्ये म्हनायचे, "धा वंगाळ पडल्या की त्येंच्या आडून एक चांगली बाहीर येती, कोंबडीच्या पिल्लावानी." बेस्तरवारी बाजारात जाऊन जे इचारून यायचे ते सुकरवारी सकाळी जात्यावर यायचं. आन आठव्या का नवव्या दिशी एका दमात चार ओळी पडल्या:

एक्या मायच्या दोघी भैनी, एका डोंगरी निजल्या जी,
एकच ढग दोघींवरती, सारख्या पान्यानं भिजल्या जी.
एक पाजी वाटसराला, एकीचं कुनी पिईना पानी,
सांग रं कलगीवाल्या, काय चुकली धाकली भैनी?

माझा हात खुंट्यावरच थांबला. मी म्हनलं, "हाच! हाच सवाल!" त्येच्यामागनं जवाब बी आला, कारन सवाल टाकनाऱ्याला जवाब ठावं पायजेच:

थोरलीच्या कुशीत मोरी, आलं तसं ती वाटून देती,
धाकली बसली धरून पोटाशी, गोडाचं ती खारं करिती.

आता पुढं जे झालं त्यात ह्यांचा काडीचा दोष न्हाई. समदं माझं.

घरात आमी दोघं. दोघांना रोज पायलीभर पीठ कशाला लागतंय? आन ज्वारीचं पीठ चार दिसांत कडू पडतं. डबे भरले, हांडे भरले. पर दळन थांबवलं तर ओळी थांबतील, ह्याची मला लई भीती. सवालामागं उपसवाल लागत्यात, गन लागतो, गौळन लागती, अजून लई करायचं व्हतं. शेजारची विमलबाई आली आन म्हनली, "साखरे, तू दळतच हाईस तर माझी बी ज्वारी दळून दे की." मला देव पावल्यासारखं झालं. मंग तिच्या जावंनं आनली. मंग छबुबाईनं आनली. आठ दिसांत माझ्या जात्यापाशी पाच-सहा बायका जमाया लागल्या. कुनी निवडायचं, कुनी खुंट्याला हात लावायचं, आन ह्ये भिंतीकडं तोंड करून ओळी टाकायचे.

मी काय येडी न्हवते. सवाल बाहीर फुटू नये म्हनून एकाबी गड्याला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं न्हाई. पाटलाचा गडी निरोप घिऊन आला तर त्याला बी अंगनातच उभं केलं. म्हनलं, कलगीचे कान कुटं बी असत्यात! पर बायका काय, बायकाच की. बायकांना फडातलं काय कळतंय?

बायकांनी ते गानं उचललं आन आपल्या घरी आपल्या जात्यावर न्हेलं. जात्यावर गानं गेलं की ते जसंच्या तसं कुटं राहतंय! 'दोघी भैनी'त त्येंना गोडी वाटंना. आठ दिसांत त्या भैनींची सासू-सून झाली. गोड तळं सून, खारं तळं सासू. ज्या बायकांना सासवा व्हत्या त्या हळू म्हनायच्या आन ज्यांच्या मेल्त्या त्या मोठ्यानं.

संक्रांतीला विमलबाईची लेक शिवकन्या म्हायेरला आली. गोड पोर. मी तिला तिळगूळ दिला, तिनं माझ्या जात्यावर चार मुठी दळल्या, आयेसंग गानं म्हनली आन आठ दिसांनी सासरी गेली. तिचं सासर कुटं? कड्याला. कुनाच्या घरात? सुग्रीव शाहिराच्या. त्याची थोरली सून! मला ह्ये समदं ठावं व्हतं. तिच्या लग्नात मी जेवून आलते. तरी माझ्या टाळक्यात उजेड पडला न्हाई.

माघात आमी गाड्या जुंपून लिंबागनेशाला गेलो. देवळापुढं मांडव, एका अंगाला गडी, एका अंगाला बायका. पंचांचे म्होरके म्हनून मोहनराव देशमुख बसलते, पागोटं घालून, हातात पानाचा डबा. दुपार कलल्यावर फड उभा राहिला. बापाचा डफ ह्यांच्या हातात, त्याला नवा तुरा मीच बांधला व्हता. 

पहिला सवाल सुग्रीवाचा, रामाच्या वनवासातला. ह्येंनी शास्त्रीबुवांच्या गाठीवर तो पान खाल्ल्यावानी सोडवला. लोक वाहवा म्हनले. मी विमलबाईला कोपर मारलं, "बघितलंस? भटकलेलं बी वाया जात न्हाई."

मंग ह्येंनी आपला सवाल टाकला. काय गळा लागलता त्या दिशी! 'काय चुकली धाकली भैनी' म्हनून डफावर थाप मारली आन मी सुग्रीवाच्या मिशांकडं बघितलं. मिशा खाली न्हाई आल्या. त्या हासत व्हत्या. त्यानं इचार करायला पानाचा विडा बी घेतला न्हाई, लगीच कानावर हात ठेवला आन सुरू केलं:

"सुनंच्या ग कुशीत मोरी, आलं तसं ती वाटून देती..."

बायकांच्या अंगाला एकदम गलका झाला. तो आपल्याच नादात पुढं म्हनला:

"सासू बसली धरून पोटाशी, गोडाचं ती खारं करिती!"

"कोन म्हनलं रं सासू खारी?" एक म्हातारी ताडकन उभी राहिली. "तुझ्या आईला जाऊन इचार!" दुसरी म्हनली, "खरं हाय ते, बसा खाली आत्याबाई." गडी पोट धरून हासाया लागले. गड्यांना वाटलं शाहिरानं चेष्टा केली. पर पाच-सहा बायका हासल्या न्हाईत. त्या माझ्याकडं बघत व्हत्या. छबुबाईनं पदर तोंडात कोंबला. विमलबाई म्हनली, "अगं बया... साखरे..."

 समदं एका घटकंत कळलं. तीन म्हयनं मी ह्यांना ताडताड बोलले, पायतानं लपवली, खारं तळं म्हनलं, आन घरभेदी निघाले कोन, तर मी! बापाचा डफ माझ्याच जात्यात घातला मी. मला धरनी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

पंचांनी आपसात मान हलवली. मोहनराव म्हनले, "जवाब तर बरोबर हाय. मोरी हाच जवाब. आसाराम, असंच ना?"

"असंच," ह्ये म्हनले.

सुग्रीवाचा झीलकरी, त्याच्या मागनं सूर धरनारा, हात पुढं करून डफ घ्यायला निघाला बी. तवर ह्ये म्हनले, "पंचहो, एक अर्ज. मी सवालात भैनी म्हनलो. शाहिरांनी सासू-सून कुटून आनली? मी आधार मागतो."

आधार मागनं म्हंजे फडातली शेवटची गोष्ट. कुनी आधार मागितला की आपल्या डफावर हात ठेवून सांगावं लागतं, ह्ये मी कुना गुरूच्या तोंडून शिकलो. खोटं सांगितलं तर जलमभर डफाला शिवायचं न्हाई. आमचे ह्ये आजवर कुनी बी आधार मागितला तर माझ्या बापाचं नाव सांगायचे.

सुग्रीवानं डफावर हात ठेवला. कपाळाला घाम आलता. तो वैरी असंल, पर खोटारडा न्हवता, ह्ये मला मान्य करावंच लागतं. मोठ्या गळ्याचा मानूस, पर बारीक आवाजात म्हनला, "आमची सून शिवकन्या जात्यावर म्हनती. मी वसरीवर बसून ऐकलं. मला वाटलं, बायकी गानं हाय. इतं हाच सवाल निघंल ह्ये मला ठावं न्हवतं. निघाला तवा वाटलं, देव पावला."

मांडवात जो हशा झाला तो लिंबागनेशाच्या गनपतीनं बी ऐकला असंल. "सुग्रीवराव, दळायला कवापस्नं बसलाव?" मागून कुनीतरी वरडलं. मोहनरावांनी हात वर केला. "सून कुटं हाय? तिनं कुनाकडनं घेतलं?"

शिवकन्या उभी राहिली, पदर डोळ्यांपतुर. "आयेकडनं."

"आई कोन?"

विमलबाई उठली.  "साखरीच्या जात्यावर ऐकलं, मालक. समद्याच बायकांनी ऐकलं."

मोहनराव पान चघळत बसले. मंग ह्यांच्याकडं वळले. "आसाराम, आता सवालवाल्यानं बी आधार सांगावा. तुमचा गुरू कोन?"

मला ठावं व्हतं ते काय सांगनार. धुळाजी शाहीर. वीस वर्सं तेच सांगत आलते. ह्येंनी डफावर हात ठेवला, तोंड उघडलं आन थांबले. 

"गोष्ट धारूरच्या पहारेकऱ्याची," ह्ये म्हनले. "पर गानं मला शिकवलं ते... साखराबाईनं. धुळाजी शाहिराची लेक. माझी बायको."

आमच्यात गडी बायकोचं नाव घेत न्हाई, चार लोकांत तर न्हाईच. गड्यांच्या अंगानं कुनीतरी म्हनलं, "बायकोला गुरू म्हनतो बे?"

"व्हय बे," ह्ये त्याच्याकडं बघून म्हनले. "मी आयुष्यभर गोळाच करत बसलो असतो. तिनं मूठ टाकली म्हनून ओळ पडली. एका मुठीमागं एक ओळ. ज्याला खोटं वाटतंय त्यानं यावं आन बसावं तिच्या जात्यापुढं. दोन दिस टिकला तर मी डफ सोडतो."

लोक हासले, पर मला काही ऐकू आलं न्हाई. माझं नाव मांडवात कुटंतरी टांगल्यासारखं दिसत व्हतं. मी खाली मान घालून बसले आन डोळ्यांतनं पानी गळायला लागलं. पदरानं पुसायचं बी सुधरंना.

मोहनरावांनी निकाल दिला. म्हनले, "दोन्ही फडांचा आधार एकाच घरचा निघाला. गुरूच्याच इद्येनं गुरूचं घर हारवता येत न्हाई. अवंदा कुनी जितलं न्हाई, कुनी हारलं न्हाई. डफ जितं हाय तितं राहील." सुग्रीवानं कुरकूर केली न्हाई. उलट पुढं येऊन ह्यांच्या गळ्यात पडला आन म्हनला, "पुढच्या साली मी बी जातं घेतो."

मला वाटलं झालं. मी उठून गाडीकडं निघाले. तर मोहनरावांनी आवाज दिला, "फड मोडायचा राहिलाय. शेवटची थाप गुरूनं मारायची असती. हाय का न्हाई, शाहीर?"

ह्ये डफ घिऊन बायकांच्या अंगाला आले. बायका बाजूला झाल्या. माझ्या बापानं मला समदं शिकवलं व्हतं, गन, गौळन, भेदिक, पर डफाला हात लावू दिला न्हवता. कुंकवाचं बोट लावायची तेवढीच काय ती माझी मुभा. मी म्हनलं, "मला न्हाई येत."

"येतं," ह्ये म्हनले.

मी थाप मारली. हात भाजल्यावानी झाला, एवढ्या जोरात लागली. मला रडू आवरंना आन हासू बी आवरंना.

"अजून एक," ह्ये म्हनले.

मी अजून एक मारली.